कोपऱ्यातली सही

शाळेच्या कंपाउंडची जी भिंत एस. टी. स्टँडच्या रस्त्याला लागून होती, तिच्यावर १९७६ च्या ऑगस्टमध्ये, आणीबाणीच्या काळात, इंदिरा गांधींच्या सरकारचा वीस कलमी कार्यक्रम रंगवण्यात आला. त्या वेळी मी नववीत होतो आणि वीसपैकी सात कलमांची अक्षरे माझ्या हातची होती. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संयोजकांचे पत्र आले, तेव्हा गॅदरिंग, सहली आणि बोर्डात आलेली मुले हे सारे बाजूला राहून मला ती भिंतच आठवली. उत्सवी अंकात ही आठवण कितपत शोभेल हे मला सांगता येत नाही, परंतु पुढे ज्या कलेवर मी पोट भरले, तिचा पहिला खरा धडा मला त्या भिंतीपाशी मिळाला.

आमचे चित्रकलेचे सर मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवीत, गॅदरिंगचे पडदे रंगवीत आणि सुटीत गावातल्या दुकानांच्या पाट्याही करीत. निळीत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा आणि मध्ये टिचकी मारून भिंतीवर रेघ उमटवायची, हे त्यांनी मला शिकवले. त्यांच्या शिरोरेखेचे शेवटचे टोक किंचित वर उचललेले असे, आणि पाटी कोणाचीही असो, अगदी दूध डेअरीची असली तरी, उजव्या कोपऱ्यात मोहरीएवढ्या अक्षरांत त्यांची सही असे. पंधरा ऑगस्टपूर्वी पावसाने दोन दिवस उघडीप दिली, तेवढ्यात आम्ही दोघांनी ती भिंत पुरी केली. पावसात टिकावे म्हणून ऑइलपेंट वापरला होता. त्या अक्षरांत सरांची नेहमीची ऐट नव्हती. शिरोरेखा सुतासारखी सरळ होती आणि कोपरा रिकामा होता. तो त्यांचा विसर असावा असे समजून मी मोठ्या अभिमानाने तिथे माझे नाव घातले. सरांनी ते पाहिले, रॉकेलच्या बोळ्याने पुसून टाकले आणि एवढेच म्हणाले, “नको रे, राहू दे.” मला त्या वेळी फार वाईट वाटले होते.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मला बऱ्याच वर्षांनी, मराठी शिकवणाऱ्या बाईंकडून कळला. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले, तेव्हा बाई आणि सर इतर दोन शिक्षकांबरोबर एस. टी.ने तिकडे गेले होते. संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळच्या केंद्र सरकारातले मंत्री. अशा मांडवात दुर्गाबाईंनी इंदिरा सरकारच्या विरोधातले नेते, आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सर्वांना उभे राहून प्रार्थना करायला सांगितले. बाई म्हणाल्या, “आम्ही उभे राहिलो. सरही राहिले.” कऱ्हाडहून परतल्यावर सर आम्हांला मांडवावरच्या कमानीच्या अक्षरांविषयी तासभर सांगत होते, प्रार्थनेचा एक शब्दही त्यांनी उच्चारला नाही. आठ महिन्यांनी त्याच माणसाने ती भिंत रंगवली.

सही न करणे हा सरांचा मूक निषेध होता, असे मी कितीतरी वर्षे मानत आलो आणि मित्रांना तसेच सांगत आलो. आज मला तसे ठामपणे म्हणवत नाही. निनावी अक्षरेही रस्त्यावरून जाणाऱ्याला तितकीच स्वच्छ वाचता येत होती, किंबहुना सरांच्या हातामुळे अधिकच स्वच्छ. दुर्गाबाई जे बोलल्या ते स्वतःच्या नावाने बोलल्या आणि १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. कन्नड अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना दम्याचा विकार असताना बंगळूरच्या तुरुंगात ठेवले गेले आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, त्या गेल्या. सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून नाहीशी झाली. आम्हां मुलांना आणीबाणी जाणवली ती मुख्यतः रेडिओच्या त्या रिकाम्या जागेतून. या माणसांशेजारी सरांना बसवण्याचा मोह मी आता आवरतो.

मात्र न्याय करायचा तर सर्वांना एकच माप लावता येत नाही. त्याच काळात एम. एफ. हुसेन यांनी इंदिराजींना दुर्गेच्या रूपात रंगवले. हुसेनसारख्या नामवंत चित्रकाराला ‘नाही’ म्हणण्याची किंवा नुसते गप्प बसण्याची जेवढी मोकळीक होती, तेवढी तालुक्याच्या गावातल्या चित्रकला शिक्षकाला नव्हती. नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचा तगादा त्या वर्षी शिक्षकांमागे होता, आणि सरांना तीन मुली होत्या. नाव जितके मोठे तितका जाब मोठा, असे मी मानतो. पण लहान नावाला जाबच नसतो, असेही मला म्हणता येत नाही. मी पुढे कमर्शियल आर्टिस्ट झालो. पस्तीस वर्षांत ज्याने पैसे दिले त्याची जाहिरात केली, आणि आमच्या धंद्यात सही करण्याची पद्धतच नाही, हे किती सोयीचे आहे, ते मला ठाऊक आहे.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि भिंतीवर चुना मारून घेतला गेला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे रंगकाम करणाऱ्या कोणालाही माहीत असते. जूनच्या पहिल्या पावसात चुना वाहून गेला आणि वीसही कलमे पुन्हा लख्ख दिसू लागली. मी दहावीत गेलो होतो. शाळा सुटल्यावर सरांनी मला थांबवून घेतले, पिशवीतून तारेचे दोन ब्रश काढले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तुझी सात तू खरवड. माझी तेरा मी खरवडतो.”