रोलर ब्लाइंड चौकटीच्या आत की भिंतीवर? माझा अनुभव

ऐरोलीत खाडीकडे तोंड असलेलं घर म्हटलं की लोक हेवा करतात, आणि करावाच. मध्ये खारफुटी, थंडीत फ्लेमिंगो, पलीकडे मुलुंड-भांडुपच्या इमारती. पण खाडी पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की ऊन थेट हॉलमध्ये. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना ती तिरीप सहनच होईना. जाड पडदा ओढला की ऊन जातं, पण खाडीही जाते, आणि बाबांची अख्खी संध्याकाळ खिडकीजवळच्या खुर्चीत जाते. म्हणून रोलर ब्लाइंड, म्हणजे वर पाइपवर गुंडाळला जाणारा कापडी पडदा, लावायचं ठरलं.

दुकानात गेलं की आधी कापडाचा कॅटलॉग पुढे येतो. माझं ऐकाल तर तो थोडा वेळ मिटून ठेवा. ब्लाइंड खिडकीच्या चौकटीच्या आत बसणार की बाहेर भिंतीवर, हे पहिलं ठरवायचं. माप त्यावरून बदलतं, कापडही त्यावरूनच.

याचं कारण ब्लाइंडच्या घडणीत आहे. कापड एका ॲल्युमिनियमच्या पाइपवर गुंडाळलेलं असतं. पाइपच्या एका टोकाला चेनचं चाक, दुसऱ्या टोकाला खुंटी, आणि दोन्हीकडे ब्रॅकेट. ही सगळी जागा कापडाच्या बाहेर जाते. म्हणजे ब्लाइंड चौकटीत कितीही नेमका बसवला तरी दोन्ही कडांना साधारण १५ ते २० मिलिमीटरची फट राहतेच, आणि तिथून उजेडाच्या दोन उभ्या रेघा आत येतात. हॉलमध्ये कोणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या बेडरूममध्ये मात्र नवरा रात्रपाळी करून सकाळी झोपतो. तिथे ती रेघ बरोबर उशीवर पडली असती.

त्यामुळे हॉलमध्ये आत आणि बेडरूममध्ये बाहेर, असं ठरलं. पण ठरवून भागत नाही, चौकटीच्या आत ब्लाइंड मावेल एवढी जागा हवी. तीन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी भिंतीची बरीच जाडी खाते. आमच्याकडे आतल्या बाजूला जेमतेम तीन इंच उरले होते. त्यात पाइप मावला, पण कापड काचेच्या बाजूने सोडलं असतं तर खिडकीच्या लॉकला घासलं असतं. ब्लाइंडवाल्या दादांनी यावर छान उपाय सांगितला: रोल उलटा घ्यायचा, म्हणजे कापड पाइपच्या पुढून, खोलीच्या बाजूने खाली येतं. गुंडाळी समोरून दिसते एवढंच. मच्छरजाळीचं दारही त्यामुळे अडखळत नाही.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. नव्या इमारतीतही खिडक्या काटकोनात नसतात. आमच्या हॉलच्या खिडकीची रुंदी वर आणि खाली आठ मिलिमीटरने वेगळी निघाली. आत बसवायचं तर सगळ्यात कमी माप धरायचं. आणि ऑर्डरच्या कागदावर ते माप खिडकीचं आहे की तयार ब्लाइंडचं, हे स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर ब्लाइंड चौकटीत अडकू नये म्हणून मापातून जे थोडं वजा करतात, ते एकदा दुकानात आणि एकदा कारखान्यात असं दोनदा वजा होतं. भिंतीवर बसवायचं असेल तर उलट: दोन्ही बाजूंना आणि वर चार-सहा इंच जास्तीचे धरायचे, म्हणजे कडेने उजेड घुसत नाही.

मग कापड. बेडरूमला ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारं कापड, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. हॉलसाठी सनस्क्रीन कापड घेतलं. त्याच्या विणीत बारीक भोकं असतात आणि त्यांचं प्रमाण टक्क्यांत सांगतात: तीन, पाच, दहा. मी नमुने घरी मागवले आणि भर उन्हात काचेला चिकटवले. पांढरं कापड सुंदर दिसत होतं, पण उन्हात ते स्वतःच उजळतं आणि पलीकडचं काही दिसत नाही. गडद राखाडीतून मात्र बाहेरचं स्वच्छ दिसतं.

“बाबा, यातून काय दिसतंय?”

“पूल दिसतोय गं. आणि डोळ्यांवर येत नाहीये.”

तीन टक्क्यांचं गडद राखाडी तिथेच पक्कं झालं. उष्णता परतवण्यात फिकं कापड सरस असतं, हे खरं. पण आम्हाला डोळ्यांचं सुख पाहायचं होतं. रात्री मात्र आत दिवा लागला की बाहेरच्यांना आतलं दिसतं, म्हणून जुना पडदा काढलेला नाही.

बसवण्याच्या दिवशी माझं सगळं लक्ष ग्रॅनाइटच्या चौकटीवर होतं. दादांनी ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, बंद केला, साधं फिरतं ड्रिल लावलं, कडेपासून लांब खूण केली आणि थोडं थोडं पाणी सोडत हळूहळू भोक पाडलं. दगड पार झाल्यावरच, मागच्या काँक्रीटसाठी, हॅमर चालू केला. असा माणूस मिळाला तर त्याला घाई करू नका. बेडरूमची भिंत काँक्रीटची, तिथे हॅमरशिवाय इलाज नव्हता, आणि दुपारी दोन ते चार सोसायटीत ड्रिल बंद. स्विचबोर्ड आणि एसी पॉइंटच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू दिलं नाही, कारण वायरी तिथूनच जातात.

चेनचा खालचा फास भिंतीला क्लिपने अडकवून घ्या, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. लोंबती चेन गळ्यात अडकू शकते. आम्ही ती क्लिप बसवून घेतल्याशिवाय शेवटचे पैसे दिले नाहीत. पावसाळ्यात खिडकी उघडी असेल तर ब्लाइंड वर घ्या. खाडीचा वारा खालची पट्टी काचेवर आपटवतो. आणि ओलं कापड गुंडाळून ठेवू नका, बुरशीचे डाग पडतात.

मुलीची खोली अजून राहिली आहे. तिथे खिडकीच्या अगदी वर एसी, त्यामुळे भिंतीवर जागाच नाही. ब्लाइंड चौकटीतच बसवून कडेच्या फटी झाकायला दोन्ही बाजूंना पन्हळीसारखी पट्टी घ्यावी लागेल. तिचा दर मागवला आहे.