‘राजहंस’ रडत वाचू नये

आज एका काव्यवाचनात गोविंदाग्रजांची, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांची, ‘राजहंस माझा निजला’ ही कविता ऐकली. पहिल्या ओळीपासूनच हुंदके! तिथेच कविता हातची जाते. सुरुवातीला कवी बाळ गमावलेल्या नवविधवा आईची ओळख करून देतो. तो भाग सरळ, सांगितल्यासारखा वाचावा. मग आई बोलू लागते. तिच्या लेखी बाळ नुसतं झोपलंय, म्हणून ती गलबला करणाऱ्यांना दटावते. हे दटावणं दबक्या आवाजातच हवं, बाळ जागं होईल या भीतीनं. बाळ गेलंय हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, ती ते मानत नाही. सगळा घाव या अंतरात आहे. वाचणाराच रडला की ते अंतर मिटतं. ध्रुवपदाला दर वेळी आवाज चढवतात, तो उलट उतरवायला हवा. आणि मागे बासरी वगैरे तर नकोच.