पिंपरी ते नारायण पेठ: कर्नल बिल्ड करायला गेलेला शनिवार

शनिवारी सकाळी पिंपरीहून मेट्रो धरली आणि मंडईला उतरले. नारायण पेठेत भाच्याची खोली आहे. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर दोघांनी मिळून लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करायचं केव्हाचं ठरलं होतं. जाता जाता तपकीर गल्लीत एसएसडी घेतली. दुकानं उघडता उघडता पोचा, दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

खोलीवर नेट यथातथाच, म्हणून सोर्स घरूनच नेला होता: कर्नल ६.१२, साधारण १५० एमबीची टार फाइल (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं). वेळ वाचावा म्हणून मी ती घरी पेनड्राइव्हवरच उघडली आणि तिथेच चुकलं. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला होता. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) करता येत नाही अशा ओळी टारने दाखवल्या, त्या मी सोडून दिल्या. खरा घोटाळा मात्र गुपचूप झाला. नेटफिल्टरच्या (नेटवर्कची पॅकेट्स गाळणाऱ्या भागाच्या) फोल्डरमध्ये 'एक्सटी_टीसीपीएमएसएस' नावाच्या दोन फाइली आहेत, फरक फक्त कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा. एक्सफॅटच्या लेखी दोन्ही नावं एकच, त्यामुळे एकीवर दुसरी चढली. भाच्याने दोन्ही नावांनी फाइल उघडून दाखवली. आत मजकूर एकच! टार फाइल पेनड्राइव्हवरून खुशाल न्या, पण उघडा ती लिनक्सच्या एक्सटी४ फॉरमॅटच्या डिस्कवरच.

नव्या डिस्कवर उघडली, तरी मेक (बिल्ड चालवणारी कमांड) पहिल्याच पावलाला अडलं.

"अगं आत्या, फोल्डरच्या नावात स्पेस आहे!"

कर्नलच्या मेकफाइलला (बिल्डच्या सूचनांच्या फाइलला) पाथमध्ये स्पेस किंवा कोलन चालत नाही. नाव बदललं, पुढे सरकलो.

उबुंटूवर ही पॅकेजेस आधीच घालून ठेवा: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह. आम्ही ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवली. मग बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल आणून 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' दिलं. त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) त्यात राहतात, म्हणून प्रिंटर, वेबकॅम, जे काही वापरता ते आधी जोडा. उबुंटूची कॉन्फिग घेतली की कॅनॉनिकलच्या (उबुंटूच्या कंपनीच्या) सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड थांबतं. ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज हे दोन्ही पर्याय रिकामे करा. डीबग इन्फोही (चुका शोधायची जादा माहिती) बंद करा, नाहीतर डिस्क भराभर भरते.

चार कोअरवर 'मेक -जे४' दिलं आणि जेवायला बसलो. पाऊण तासात झालं, मग ते इन्स्टॉल केलं. सिक्युअर बूट चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं कर्नल सुरू होत नाही, ते बायोसमध्ये बंद करावं लागलं. जुनं कर्नल मात्र काढू नका. नवं बिघडलं तर लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून त्यावरच परत येता येतं.

रीबूटनंतर भाच्याने 'यूनेम -आर' (चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारी कमांड) टाइप केलं, समोर ६.१२ आलं, आणि तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला. मला रात्री नऊची मेट्रो मिळाली.