गच्चीवरचं ठिबक आणि दाजींचा पेला

मागच्याच्या मागच्या दिवाळीत आठ दिवस तासगावला ताईकडे गेलो होतो, शेजारच्या काकूंना किल्ली देऊन, की बाबा दोन दिवसांनी एकदा गच्चीवर पाणी घाला. त्यांनी घातलं, नाही असं नाही, पण त्यांचेही गुडघे दुखतात आणि आमचा जिना म्हणजे काय सांगावं. परत आलो तर टोमॅटोची सहा झाडं पापडासारखी, मोगरा गेला, गवती चहा तेवढा जिवंत. बायको काही बोलली नाही, नुसती कुंड्यांकडे बघत उभी राहिली, आणि मी त्याच रात्री ऑनलाईन ड्रिपचं, म्हणजे ठिबकाचं, किट मागवलं. इथून पुढे जे सगळं चुकलं ते लिहितोय, कारण मला नंतर तीन-चार मित्रांनी विचारलं की ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी बारकी तोटी) कुठले घेऊ, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून माझा घसा बसला.

आमचं पुण्यात धायरीला रो-हाऊस आहे, गच्चीवर हजार लिटरची टाकी, चार फूट उंच विटांच्या ओट्यावर. कुंड्या ४२. त्यातल्या २८ खाली फरशीवर आणि १४ कठड्यावर, कठडा तीन फुटाचा. हे आकडे आत्ता मुद्दाम देतोय, पुढे सगळं यावरच अडणार आहे.

तर ते किट. त्यात काय होतं, ४ एमएमची बारीक नळी, पन्नास लाल रंगाचे ॲडजस्टेबल ड्रिपर, बारके टी (तीन तोंडांचे जोड) आणि नळाला लावायचं एक कनेक्टर. फोटोत सगळं झकास. मी एका रविवारी बसून ती बारीक नळी पहिल्या कुंडीपासून शेवटच्या कुंडीपर्यंत फिरवली, मधे मधे टी टाकून ड्रिपर लावले, नळ सोडला. पहिल्या पाच-सहा कुंड्यांत तळं साचलं, विसाव्या कुंडीत थेंब थेंब, आणि तिसाव्याच्या पुढे कोरडं ठणठणीत. मग पहिले ड्रिपर फिरवून कमी केले तर मधल्यांत जास्त झालं, ते कमी केले तर पहिले परत सुरू, असं दोन तास मी लाल टोप्या फिरवत बसलो होतो उन्हात. आता कळतं की ४ एमएमच्या नळीतून चाळीस ड्रिपरचं पाणी जाऊच शकत नाही, ती नळी मेन पाईपापासून एका कुंडीपर्यंत न्यायला असते, हातभर, दोन हात फार तर. मेन म्हणून १६ एमएमची काळी नळी, तिला लॅटरल म्हणतात, तीच पाहिजे.

मग मी शहाणा झालो असं वाटून मार्केटयार्डाजवळच्या एका दुकानात गेलो, १६ एमएमची नळी ३० मीटर घेतली, आणि दुकानदाराला म्हणलं सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी पाहिजे. तो म्हणाला मग पीसी घ्या साहेब. पीसी म्हणजे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, आत रबराचा बारका पडदा असतो, प्रेशर कमी-जास्त झालं तरी तो पडदा वाट लहान-मोठी करून पाणी सारखं सोडतो. ऐकायला इतकं बरोबर वाटलं की मी साध्याच्या दुप्पट पैसे देऊन पन्नास घेतले. त्याची चूक म्हणता येणार नाही, मी त्याला गच्चीबद्दल काही सांगितलंच नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नाही.

लावले. काही ड्रिपर रडल्यासारखे गळत होते, काही पूर्ण बंद. मी एकेक काढून फुंकर मारून बघतोय, कचरा नाही काही नाही.

शेवटी दाजींना फोन केला. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, द्राक्षबाग आहे त्यांची, ठिबकावर वीस-पंचवीस वर्षं गेलीत त्यांची. मी सगळं सांगितलं, पीसी घेतले, तरी येत नाही म्हणून.

"पाव्हणं, टाकी किती उंचावर हाय तुमची?"

म्हणलं चार फूट.

"आन् प्रेशर किती?"

म्हणलं दाजी, मला काय माहीत, टाकीचं पाणी आहे.

दाजी हसले. मग म्हणाले, "आमच्याकडं मोटर दीड-दोन किलो प्रेशर देतीया, तवा पीसी चालतंय. दहा मीटर उंचीवर टाकी असली तर एक किलो प्रेशर व्हतंय. तुमची टाकी चार फुटावर. किती व्हईल सांगा बघू?"

मी हिशोब केला. टाकी पूर्ण भरलेली असली तर पाण्याची पातळी फरशीपासून सात फूट, कुंडीची कड एक फुटावर, म्हणजे सहा फूट. टाकी तळाला आली की तीन. सरासरी साडेचार फूट धरले तर जेमतेम ०.१४ किलो. आणि बहुतेक ड्रिपरवर जे ४ लिटर, ८ लिटर लिहिलेलं असतं ना, ते तासाला, आणि एक किलो प्रेशरला. पीसीला त्याचं काम नीट करायला निदान अर्धा ते एक किलो लागतं, त्यातल्या काही प्रकारांत तर पाणी बंद केल्यावर नळी रिकामी होऊ नये म्हणून तो पडदा कमी प्रेशरला मुद्दाम मिटून बसतो. म्हणजे मी जास्त पैसे देऊन आणलेली वस्तू माझ्या गच्चीवर बरोब्बर तिच्या स्वभावाप्रमाणे वागत होती. बंद राहून!

हे प्रेशरचं प्रकरण मला खरं तर लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. श्रावणात आजी पिंडीवर अभिषेकपात्र टांगायची, तांब्याचं, खाली बारीक भोक. काठोकाठ भरलेलं असलं की थेंब टपाटपा, आणि पाणी तळाला गेलं की एक थेंब पडून दुसरा येईपर्यंत आपण डोळे मिटून उघडायचे. आजी मग तांब्या घेऊन परत भरायची, आम्हाला वाटायचं पाणी संपेल म्हणून भरतेय, पण धार टिकवायलाही तेच लागतं. भोक तेच, वरचं पाणी बदललं की थेंब बदलतो. आमची टाकी म्हणजे हजार लिटरचं अभिषेकपात्रच की!

असो. दाजींनी सांगितलेली गोष्ट एवढीच: आधी मोजायचं, मग घ्यायचं. "एक ४ लिटरचा आन् एक ८ लिटरचा, साधा, रुपये जातील पाच-धा. खाली पेला ठेवा, घड्याळ लावा."

मी तसंच केलं. साधा ४ लिटरवाला ड्रिपर, खाली फरशीवरच्या कुंडीच्या उंचीला, टाकी साधारण अर्धी, १५ मिनिटं. कागदावरच्या हिशोबाने १ लिटर यायला पाहिजे, आले ३७० मिली. म्हणजे तासाला दीड लिटरच्या आसपास. मग तोच ड्रिपर कठड्यावर नेला, तिथे कुंडीची कड चार फुटावर, म्हणजे टाकीच्या तळाच्या बरोबरीला. आले २०० च्या थोडं वर. प्रेशर तिप्पट कमी आणि पाणी निम्म्याच्या जवळपास, कारण पाणी प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतं, शाळेत शिकलेलं वर्गमूळ आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं ते असं. आणि टाकी तळाला आली तर कठड्यावर काहीच नाही, थेंबसुद्धा नाही, साहजिक आहे.

मग कठड्यावर ८ लिटरवाला लावून बघितला. १५ मिनिटांत ४२० मिली. म्हणजे कठड्यावरचा ८ आणि खालचा ४ जवळजवळ सारखे! मी गच्चीवर एकटाच पेला हातात घेऊन हसत होतो, खालून मुलीने विचारलं बाबा काय झालं. तर असं ठरलं, खाली २८ कुंड्यांना ४ लिटरचे, वर १४ कुंड्यांना ८ लिटरचे, सगळे साधे, ऑनलाइन ड्रिपर. ऑनलाइन म्हणजे इंटरनेटवरचे नाही हं, नळीला वरून भोक पाडून बसवतात ते. इनलाइन म्हणजे नळीच्या आतच ठरावीक अंतरावर ड्रिपर बसवून येतात, ते लांब वाफ्याला किंवा एका रांगेतल्या ग्रो बॅगना छान, पण कुंड्या वेड्यावाकड्या अंतरावर असतात तिथे निम्मं पाणी फरशीवर जातं. ॲडजस्टेबल लाल टोप्यावाले मी आता कोणालाच सांगत नाही, महिनाभराने कोण किती फिरवलेला होता ते आठवत नाही, आणि पोरं येता जाता फिरवतात.

बसवण्याचं थोडक्यात सांगतो. टाकीला जुन्याच लाईनवर टी मारायचा विचार होता पण प्लंबरने वेगळं भोक पाडून टँक निपल (टाकीच्या भोकात बसणारी जोडनळी) बसवलं, तळापासून दोन-तीन इंच वर, म्हणजे तळाचा गाळ येत नाही. त्याचं ऐकलं ते बरं झालं, उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतात आणि टँकरच्या पाण्यात काय काय असतं ते टाकी धुताना दिसतं. त्याच्यापुढे बॉल व्हॉल्व, म्हणजे चालू-बंद करायची चावी, मग स्क्रीन फिल्टर १२० मेशचा, म्हणजे इंचाला १२० छिद्रांची जाळी. फिल्टरवर बाण असतो, पाणी त्याच दिशेने जायला पाहिजे, मी उलटा लावला होता, दोन दिवस. मग लॅटरल. नळीचं वेटोळं अर्धा तास उन्हात टाकून ठेवा, नाहीतर ती सापासारखी परत परत गुंडाळते. जॉइनर आणि एल्बो जात नसतील तर नळीचं टोक गरम पाण्याच्या तपेलीत बुडवा मिनिटभर, सहज जातं, दात-बित लावू नका. भोक पाडायला पंच मिळतो दहा-वीस रुपयांना, तोच घ्या. मी पहिल्यांदा तापवलेल्या खिळ्याने पाडली, आणि खिळ्याचं भोक गोल नसतं, प्रत्येक ड्रिपरच्या बुडातून पाणी. चुकीची भोकं बुजवायला बारकी बुचं मिळतात, माझी एकोणीस लागली. शेवटी आठच्या आकड्यासारखी एंड कॅप, नळी वाकवून त्यात अडकवायची. पण ती लावायच्या आधी एकदा पाणी सोडून नळी फ्लश करा, भोक पाडताना आत गेलेले प्लास्टिकचे कीस बाहेर पडतात, ते राहिले तर थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसणार. आणि तिथून कुंडीपर्यंत न्यायची बारीक नळीही काळीच घ्या, पांढरी पारदर्शक घेतली की दोन महिन्यांत आत हिरवं शेवाळ.

टायमरला मात्र परत फसणार होतो. बॅटरीवाले टायमर दोन जातीचे असतात, एक सोलेनॉइडचे, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारे, त्यांना उघडायलाच प्रेशर लागतं, आणि दुसरे आत बॉल व्हॉल्व मोटरने फिरवणारे, त्यांना झिरो प्रेशरचे म्हणतात. टाकीच्या पाण्याला दुसराच पाहिजे. यावेळी आधी विचारलं. सकाळी सहाला मोटर लावून टाकी भरतो आणि साडेसहाला टायमर २० मिनिटं, म्हणजे भरल्या टाकीचं प्रेशर मिळतं आणि कठड्यावरचे उपाशी राहत नाहीत. उन्हाळ्यात संध्याकाळी परत २० मिनिटं. एकदम चाळीस मिनिटं दिली तर कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) मातीतून पाणी सरळ खाली उतरून भोकातून फरशीवर येतं, अर्धी कुंडी कोरडीच. मोठ्या १८ इंची कुंडीत लिंबू आहे, तिथे दोन ड्रिपर समोरासमोर टाकलेत. कोरफड आणि अडेनियमला ड्रिप लावलंच नाही, बायकोने तेवढं आधीच बजावलं होतं.

सहा महिन्यांनी पाणी कमी यायला लागलं. आमच्याकडे बोअरचंही पाणी मिसळतं, क्षाराचं, गिझरमध्ये पांढरं साचतं ना तेच ड्रिपरच्या तोंडाशी. दाजी बागेत लॅटरलमधून ॲसिड सोडतात, घरी ते नको, मी सगळे ड्रिपर काढून बादलीत लिंबूसत्व टाकून रात्रभर भिजवले, सकाळी फुर्रकन मोकळे. ८ लिटरवाल्यांची वाट मोठी असते म्हणून असेल, ते फारसे चोक झालेच नव्हते. फिल्टर मात्र दर पंधरा दिवसांनी उघडून धुतो, टँकर आला की त्याच दिवशी. बारीक नळी खारुताया कुरतडतात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, मी जास्तीची चार मीटर नळी आणून ठेवलीय.

या दिवाळीला परत आठ दिवस तासगावला गेलो. आलो तर टोमॅटो उभे होते, एक जास्वंद तेवढी मान टाकून, तिची नळी खारीने तोडलेली आणि सगळं पाणी शेजारच्या पुदिन्याला, पुदिना नुसता माजलाय.

आणि ते पन्नास पीसी जाताना दाजींसाठी नेले होते. त्यांचा विहिरीच्या कडेला उताराचा तुकडा आहे, तिथे नारळांना लावले त्यांनी, वरच्याला आणि खालच्याला पाणी अगदी सारखं येतंय म्हणे. पैशाचं विचारलं तर म्हणाले पुढच्या वर्षी बेदाणे न्या.