भोकं पडलेली फरशी

इंग्लंडमधल्या फेदरबेड मॉस या दलदलीच्या माळावर डबा उघडायला धड जागा नाही. झाड नाही की आडोशाची भिंत नाही. चहूकडे तपकिरी गवत, मधूनमधून काळं पाणी, आणि त्यातून एकामागे एक टाकलेल्या दगडी फरश्यांची वाट. दोन वाजून गेले होते, भूक आवरेना, म्हणून शेवटी वाटेतल्याच एका फरशीवर फतकल मारली. दशमीचा पहिला घास तोंडात घातला आणि मांडीशेजारी बोट जाईल एवढं गोल भोक दिसलं. वीतभर अंतरावर दुसरं. त्याच्या काठाला गंजाचा तांबूस डाग.

या फरश्या लँकशायरच्या पाडलेल्या कापड गिरण्यांमधून आल्या आहेत, हे ऐकून होतो. १९६५ साली पेनाइन वे सुरू झाला, २६८ मैलांची वाट, आणि लोक इतके चालले की इथल्या पीटचा, म्हणजे कुजक्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा, नुसता रबडा झाला. गुडघाभर रुतायचे म्हणे. जो तो कडेकडेने चालणार, मग वाट रुंदावणार. अखेर गिरण्यांच्या फरश्या उचलून हेलिकॉप्टरने इथे आणून टाकल्या. भोकं यंत्रांच्या पायांची. म्हणजे मी जिथे दशमी खात होतो तिथे कधीकाळी एखादं यंत्र बोल्ट ठोकून उभं होतं.

सकाळी ईडेलला गाडीतून उतरून किंडरवर चढलो तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं. किंडर स्काउट हा सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चिडवायलाच केलेला डोंगर आहे. ६३६ मीटर उंची, पण माथा कुठे ते वर गेल्यावर कळत नाही. सगळा सपाट पीटचा पसारा, त्यात माणूस बुडेल एवढ्या खोल घळी. त्यांना इथे ग्रफ म्हणतात. सर्वेक्षणाचा पांढरा खांब आहे तो ६३३ मीटरवर, किंडर लोला. खरा उंच बिंदू तिथून बराच आत, चिखलात, चार दगडांचा ढीग. मी मुकाट्याने खांबाला हात लावून पुढे निघतो. तीन मीटरचं देणं राहिलं तर राहू दे.

आई फोनवर दर वेळी विचारते, "वर काय आहे? देऊळ?"

"काही नाही गं."

"मग किल्ला असेल."

"तोही नाही."

"मग जातोस कशाला एवढं?"

तिचं चूक नाही. आपल्याकडे वर टाकं असतं, बुरूज असतो, निदान शेंदूर फासलेला दगड असतो. चालणं पंढरीला तरी पोचतं नाहीतर राजगडाला. इथे दिवसभर चालायचं, खांबाला हात लावायचा आणि पलीकडच्या गावातून गाडी पकडून घरी यायचं. ग्राऊस पक्षी मात्र पावलापावलावर हेदरच्या झुडपांमधून फडफडत उठतो आणि ओरडतो, "गो बॅक, गो बॅक". आमच्या कानांना त्यात सायमनच ऐकू येणार! ती घोषणा युसुफ मेहेरअलींची, मुंबईतली, १९२८ची. या पक्ष्याची शिकार करता यावी म्हणून तर हे माळ जमीनदारांनी बंद ठेवले होते. २४ एप्रिल १९३२, रविवार. मँचेस्टरकडची तरुण पोरं रखवालदारांना न जुमानता हेफिल्डहून मुद्दाम किंडरवर चढली. पुढारी बेनी रॉथमन, वय वर्षं वीस. पाच जणांना तुरुंग झाला, दोन ते सहा महिने. गुन्हा काय, तर डोंगरावर फिरायला गेले आणि रखवालदारांशी झटापट झाली.

रविवार म्हटलं की मला आजोबा दिसतात. लालबागला कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आठवडाभर साच्यांपुढे उभं राहायचं आणि रविवारी सकाळी मला घेऊन गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जायचं. बसला पैसे होते, पण बसमध्ये बसणं त्यांना मंजूर नव्हतं. आजी म्हणायची, "सहा दिवस उभे असता, सातव्या दिवशी तरी टेका की जरा." ते चप्पल पायात सरकवत. चौपाटीला शेंगदाण्यांची एक पुडी, दोघांत. समुद्राकडे पाहत बसायचं, मग परत चालत. सबंध वाटेत अवाक्षर नाही. साच्यांच्या खडखडाटाने कान गेले होते, माझं बोलणं त्यांना कळायचं नाही. लँकशायरचे विणकर त्याच खडखडाटात एकमेकांचे ओठ वाचायचे. आजोबा माझे ओठ वाचायचे का, ते मला कधी समजलं नाही.

चालताना बोलणारा सोबती मला अजून सोसत नाही, त्याचं मूळ इथे असावं. बुटाचा कुठला ब्रँड चांगला, गुडघ्याला कुठलं मलम लावावं, हे लोक चढावरही बोलतात. दम पुरतो कसा कोण जाणे.

आजोबा रागवायचे ते एकाच गोष्टीवर: खराब सूत. धागा तुटला की साचा थांबला, साचा थांबला की पगार कमी. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली आणि तिथला कापूस लँकशायरला मिळेना, तेव्हा मुंबईहून गेलेल्या कापसाला तिथले कामगार असेच शिव्या घालत. आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा. 'सुरत' म्हणायचे त्याला. त्याच कापसाच्या पैशांनी मुंबईत लोक रातोरात शेठ झाले आणि १८६५ साली बुडाले. तर कदाचित याच फरशीवर कुणी तुटलेला धागा सांधत आमच्या कापसाचा उद्धार केला असेल. दशमी संपली. चटणीचा तेलकट डाग फरशीवर पडला, तो बुटाने पुसला.

इथून स्नेक पास, मग डॉक्टर्स गेटच्या जुन्या वाटेने ग्लॉसपला उतार. तेही कापडगिरण्यांचंच गाव. उतरताना एकच घोळत राहिलं: लालबागच्या गिरणीत खाली काय होतं? फरशी होती की कोबा? आजोबांच्या पायांखालचं ते कुठे गेलं असेल? त्या जागेवर आता टॉवर आहे.

१९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला. आजोबांना आठवड्याचे सातही दिवस रिकामे मिळाले, आणि चौपाटीला जाणं मात्र त्यांनी सोडलं ते कायमचं. का, ते मी विचारलं नाही. लहान होतो, आणि विचारलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.