चाळवणे

दिवाळीआधी आईकडचा माळा आवरायला घेतला. तांब्याचा बंब निघाला, बिनदांड्याची दोन पातेली निघाली आणि जुन्या पेपरात गुंडाळलेली एक पितळी चाळणी. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, खाली तारीख, १२-५-७४. नाव मावशीचं. तिच्या रुखवतातली असणार. मी पाच वर्षांची असताना मावशी गेली. ही चाळणी तिच्या सासरहून परत कशी आली, हे मला कधी कुणी सांगितलेलं नाही.

मी नाव मोठ्यांदा वाचलं. "ते आता चाळवू नकोस गं," आई म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली.

क्षणभर वाटलं, ती चाळणीबद्दलच बोलतेय. तसं ते अगदीच चुकीचं नव्हतं. दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृत 'चल्' म्हणजे हलणं. असा एकटा 'ल' मराठीत येताना 'ळ' होतो: फल-फळ, माला-माळ, तसंच चळणे, चाळणे. प्राकृतात तो जोडाक्षर झाला, 'चल्ल' झाला, की मराठीत 'ल'च उरतो, म्हणून चालणे. (याच हिशोबाने 'काल'चा काळ झाला आणि 'कल्य'चा, मधल्या 'कल्ल'वरून, झाला आपला कालचा दिवस. म्हणजे काल आणि काळ दोन वेगळ्याच शब्दांतून आले! हे कळलं त्या रात्री मी उगाचच खूश होते.) चाळणी, चाळा, चाळे, चळवळ, सगळी त्याच 'चल्'ची पिलावळ. चाळवणे म्हणजे हलायला लावणं.

पण कशाला? झोप चाळवते, तेव्हा माणूस धड जागा होत नाही. भूक चाळवते, पण पोट भरत नाही. भरत आलेली जखम चाळवते. भावना चाळवल्या म्हटलं की तर नाकंच मुरडली जातात. काहीतरी शांत पडलेलं असतं, ते अर्धवट हलतं आणि पुन्हा पहिल्यासारखं निजत नाही. स्नेहसंमेलनाच्या बातमीत हटकून 'आठवणींना उजाळा' असतो. तो उजाळा म्हणजे चिंच लावून घासलेला तांब्या, चारचौघांत मिरवायचा. चाळवलेली आठवण मिरवता येत नाही.

त्या दुपारी आईला झोप लागली नाही. कूस बदलताना पलंग करकरत होता, तो मला माळ्यावर ऐकू येत होता. मी चाळणी पुन्हा पेपरात गुंडाळून वर सरकवली.

साडेसहाला तिने भाकरीचं पीठ काढलं. ओट्याखालची नेहमीची स्टीलची चाळणी मी पुढे केली.

"ही नको," ती म्हणाली. "वरची दे. धुऊन दे पण."