कळकलेलं पंचामृत

ठाण्यात नौपाड्यातल्या एका कार्यालयात मुंज होती, अडीचशे पानं. स्वयंपाक माझ्याकडे. पंचामृत मी नेहमी सगळ्यात आधी करून ठेवते, मुरलं की चव चढते. पूजेतलं दुधा-दह्याचं नव्हे. पानात डावीकडे चटणी-कोशिंबिरीशेजारी वाढतात ते. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, मग हिरव्या मिरचीचे तुकडे, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप. वर चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला आणि तिळाचा कूट. वाढायचं चमचाभरच, पण मसालेभाताला तेच हवं, आणि पुरणपोळीच्या गोडाने जड झालेली जीभ जागी करायलाही तेच.

त्या दिवशी स्टीलची पातेली कमी पडली म्हणून भाड्याचं पितळी पातेलं घेतलं. पहाटेच्या घाईत आतली कल्हई मी निरखून पाहिली नाही. चूक माझीच.

दहाच्या सुमाराला मातृभोजनाची, म्हणजे मुंजीआधी बटू आईसोबत जेवतो त्या जेवणाची, ताटं वाढायला घेतली. सवयीने थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं. आंबटगोडाच्या मागून कसनुशी धातूची चव आली आणि पोटात ढवळलं. पातेलं तिरकं केलं. काठाला हिरवट रेघ, आतून ठिकठिकाणी पिवळं पितळ उघडं. कथलाचा मुलामा उडाला की चिंचेचा आंबटपणा थेट पितळातल्या तांब्याला भिडतो. पंचामृत कळकलं होतं.

"ताई, चमचाभर तर वाढायचं. गूळ वाढवू, कोणाला कळणार नाही," मदतनीस म्हणाली.

समोर बटू आईजवळ बसला होता, शेजारी अष्टवर्गाची, म्हणजे त्याच्यासोबत जेवायला बसवलेली मुंज झालेली मुलं. कळकलेलं पोटात गेलं की उलट्या होतात. आणि ही चव गुळाने झाकायची, हे मला आणखी वाईट वाटलं. पाच किलो पंचामृत ओतून दिलं.

एकाला जांभळी नाक्यावर पिटाळलं. चिंच गरम पाण्यात कोळली, डाळीचं स्टीलचं पातेलं रिकामं करून घेतलं. खोबरं मिळेपर्यंत थांबले नाही. तीळ आणि दाणे जास्त घातले. मुरायला वेळ नव्हता, ती खोली काही आली नाही. साडेबाराची पहिली पंगत मात्र वेळेवर बसली, डावी बाजू पूर्ण.

मातृभोजनाच्या ताटांत ती जागा रिकामीच गेली होती. पंगती उठल्यावर बटूच्या आईला गाठून मी घडलं ते सगळं सांगितलं.